निळ्या दाराची कडी

देवीवर माझा राग होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ही कुणी मोठी भक्तीण आहे असं वाटायला नको. वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. नवरा दुकानात बसतो आणि मी पेटी घेऊन घरोघर फिरते, लग्नाचे चुडे भरते, यात्रेत दुकान लावते. बांगड्या भरून झाल्या की बायका मला नमस्कार करतात, तशी रीतच आहे आमच्या धंद्यात. मी तोंडानं आशीर्वाद द्यायची आणि मनात म्हणायची, बाई गं, तुझा नमस्कार चुकीच्या दारी पडला. कारण त्या दिवसांत माझ्या पेटीत, काचेच्या बांगड्यांखाली अंथरलेल्या गवतात, देशी दारूची बाटली असायची.

हो, मी प्यायची. लोकांना वाटायचं नवरा मारत असेल. अहो, त्या बिचाऱ्यानं आजवर माझ्यावर बोटसुद्धा उचललं नाही, आणि ते खापर त्याच्या डोक्यावर फुटलं याची मला आजही लाज वाटते. मार मी खाल्ला बापाच्या घरी आणि प्यायले नवऱ्याच्या घरी. हिशेब असा उलटा लागला. दुपार कलली की हात कापायला लागायचे, दिवाबत्तीच्या वेळेला तर जीव नुसता तळमळायचा. बांगडी भरताना बाईचा हात दाबून, कुरवाळून मऊ करावा लागतो. माझ्याच बोटांना थारा नाही तर मी दुसरीचा हात काय सांभाळणार? बांगड्या मनगटावर चढता चढता फुटायला लागल्या, एका नवरीला काच लागून रक्त आलं, आणि जुनी गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडं जायला लागली. हाताच्या काकणाला आरसा कशाला, गावाला काय ते दिसत होतं.

आमची एकुलती एक मुलगी वाशीमला नर्सिंग शिकते. लहानपणी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती माझ्या जवळ यायची. मला वाटायचं लाडात आली. पुढं कळलं की ती माझ्या तोंडाचा वास घ्यायची, आजची संध्याकाळ कशी जाणार ते तेवढ्यावरून तिला समजायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आली तेव्हा निघताना बसस्टँडवर मला म्हणाली, "आई, तू पिणं सोडशीन तवाच मी घरी येईन. दिवाळीलेबी नाई. तुह्या शपथा आता नोको सांगू मले." रडली नाही, भांडली नाही. बस गेली आणि मी तिथल्याच बाकड्यावर बसून राहिले. पोरगी हातची चालली हे मला कळत होतं, आणि तरी त्याच संध्याकाळी मी बाटली उघडली. दारूचं हे असं असतं. कळत सगळं असतं.

आता थोडं मागचं सांगावं लागेल. माझा बाप दारूला शिवत नव्हता. निर्व्यसनी माणूस, भजनात टाळ वाजवायचा, गावात त्याच्या शब्दाला मान होता. घरी आला की तो आधी दाराची कडी आतून लावायचा. लोखंडी साखळीची कडी होती, ती खण्णकन कोयंड्यात पडली की मी कोपऱ्यातल्या धान्याच्या कणगीमागं जायची. मग आईचा आवाज यायचा, किंवा यायचाच नाही, ती पदर तोंडात कोंबून घ्यायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी नुसता म्हणीत ऐकला नाही, डोळ्यांनी पाहिला. मधे पडले तर मलाही मिळायचा. डाव्या हाताची करंगळी माझी तेव्हापासून वाकडी आहे. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. आमच्या घरी बांगड्या सारख्याच वाढायच्या.

पण मंगळवारी आईच्या अंगात यायचं. आमच्या गावाजवळ टेकडीवर देवी आहे, तिचं वारं. आईचे केस सुटायचे, ती घुमायला लागायची, शेजारच्या बायका कुंकू घेऊन धावत यायच्या, आणि माझा बाप, तोच माझा बाप, कापूर लावून तिच्या पायावर डोकं ठेवायचा. त्या दिवशी कडी लागत नसे. मी लहान होते तरी खुळी नव्हते. देवी आली की मार नाही, एवढं गणित मला जमलं होतं. एका मंगळवारी गर्दी पांगल्यावर मी तिच्या मांडीशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "देवी, तू रोज ये ना व." तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. आणि अगदी माझ्या आईच्या आवाजात, दमलेल्या आवाजात म्हणाली, "रोज नाई जमत व बाई मले."

त्यापुढं फार दिवस ते चाललं नाही. बापालाही गणित कळलं असावं. एका मंगळवारी आई घुमत असताना त्यानं बायकांना बाहेर काढलं आणि कडी लावली. त्या दिवशी त्यानं देवीवरही हात टाकला असंच मी धरून चालले. आई पुढं फार जगली नाही, तापाचं निमित्त झालं. मी त्या टेकडीकडं पाठ केली ती केलीच. जिला स्वतःला सोडवता आलं नाही ती मला काय सोडवणार, असं माझं सरळ म्हणणं होतं.

लग्न होऊन या घरी आले. नवरा सज्जन, सासू प्रेमळ, पण संध्याकाळी नवऱ्यानं दाराची कडी लावली की माझे हातपाय गार पडायचे. मी त्या कडीला चिंधी गुंडाळून ठेवली, आवाज येऊ नये म्हणून. त्यानं पाहिलं आणि कधी विचारलं नाही. चिंधी झिजली की तोच नवी गुंडाळायचा. मुलगी झाली तेव्हा थंडी भरली म्हणून सासूनं मला चमचाभर ब्रँडी पाजली, बाळंतिणीला देतात तशी. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी कडीचा आवाज न ऐकता झोपले. सासूचा त्यात काही दोष नाही. तिला काय ठाऊक, मी त्या चमच्यात कशापासून सुटले ते! पण मला वाट सापडली, आणि त्या वाटेनं मी चालत राहिले.

त्याच टेकडीवर नवरात्रात अष्टमीची यात्रा भरते. तिथं मात्र दरवर्षी नवराच दुकान लावायचा. गेल्या वर्षी नेमकी त्याची कंबर धरली आणि मला जावं लागलं. माझ्या दुकानाला लागून चाचीचं दुकान होतं. चाची म्हणजे आमच्याच बाजारातली म्हातारी मणियारीण, बांगडीवाली, तिच्या सासूच्या काळापासून त्यांचं दुकान या देवीच्या यात्रेत लागतं. दुपारी माझ्याकडं एक बाई बांगड्या भरायला आली. सुनीता तिचं नाव, मालेगावचीच, गॅरेजमधे काम करणाऱ्याची बायको. सोबत तिची पोरगी, तिसरी-चौथीतली, वैष्णवी. सुनीताचं मनगट सुजून निळं झालेलं. मी नुसतं बघितलं, तर तीच घाईनं म्हणाली, "पायरीवरून पडली जी." पोरगी आईकडं बघत नव्हती. ती माझ्या हाताकडं, कापणाऱ्या बोटांकडं बघत होती. एवढ्या वर्षांत अशी किती मनगटं माझ्या हातून गेली असतील. पण त्या दिवशी ती टेकडी होती, खाली माझ्या आईचं गाव दिसत होतं, आणि ते मनगट मला सोसलं नाही. त्या दोघी गेल्यावर पडद्यामागं जाऊन मी बाटली रिकामी केली.

सांजेच्या आरतीला देवीला हिरवा चुडा चढवायचा मान बांगडीवाल्यांचा असतो. त्या वर्षी तो माझ्याकडं होता. नको म्हणायची सोय नव्हती. डफडं वाजत होतं, धुपाचा धूर दाटला होता, दोन-तीन बायका आधीच घुमायला लागल्या होत्या. मी चुडा घेऊन कशीबशी गाभाऱ्यापर्यंत पोचले. गर्दी रेटायला लागली म्हणून पुजाऱ्यानं बाजूचं दार ओढून घेतलं आणि त्याची कडी लावली. खण्णकन. बस्स! पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. मी खाली कोसळले, केस सुटले, आणि किंचाळायला लागले, "कडी काढ! कडी काढ! माय मरून राह्यली!"

आणि लोकांना वाटलं, आली. देवी अंगात आली! "आईचा हुकूम झाला, दार खोला," असा गलका उठला. कुणीतरी धावत जाऊन ते दार उघडलं. माझ्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला, हातात लिंबू दिलं, ओटीत खण-नारळ पडले. मी दारू प्यायलेली बाई, आणि भली भली माणसं माझ्या पायावर डोकं ठेवत होती. ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अरे, ही देवी नाही, ही बाटली आहे. पण जीभ वळेना. हसावं की रडावं? आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मला वाटत होतं की जमीन दुभंगून आत घेईल तर बरं.

तेवढ्यात वैष्णवी पायाशी आली. तिच्या आधी एक माणूस पाया पडून उठला होता, तो तिचा बाप, हे मला मागून कळलं. पोरगी माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "देवी, बाबा तुह्या पाया पडले. तू आमच्या घरी रोज ये ना व."

मी तिच्याकडं बघितलं. नशा होती, डोकं गरगरत होतं, पण ते शब्द मी ओळखले. ते माझे होते. त्याचं उत्तरही मला पाठ होतं, आईच्या आवाजात. मी तेच म्हणायला तोंड उघडलं, "रोज नाई जमत". पण माझ्या तोंडून निघालं, "येईन." एवढंच. ते कोण बोललं, मी, दारू, की जिच्यावर मी रागावून बसले होते ती, हे मला आजही सांगता येणार नाही आणि त्यावर मी कुणाशी वादही घालणार नाही. पोरीनं मान डोलावली आणि ती गर्दीत गेली.

चाचीनं मला तिथून सोडवलं. ती गर्दीतून वाट काढत आली, स्वतःची ओढणी माझ्या डोक्यातोंडावर टाकली आणि म्हणाली, "हटा बावा, आईले हवा लागू द्या." पोटाशी धरून तिनं मला दुकानामागं नेलं. पाणी पाजलं, तोंड धुतलं, केस बांधले. मी विचारलं, "चाची, वास येत होता का?" ती म्हणाली, "धूप लय होता बेटा. अल्लानं पडदा ठेवला."  मग बांगड्यांचे डबे आवरता आवरता म्हणाली, "म्या आयकलं. तूनं पोरीले जबान देली. आता जबान तुह्यी होती का तुह्या देवीची, थे तू पाह्य. पोरीनं तं खरं मानलं."

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून मी सुधारले. कुठली सुधारते! दसऱ्याला मी प्यायले. नंतरही प्यायले. ती पोरगी मनात आली की जास्त प्यायले. मग एका दुपारी मी दुकानात एकटी होते आणि वैष्णवी शाळेच्या कपड्यात समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "काकू, तुमच्याच आंगात येते ना देवी? थे येईन म्हणे. आली नाई. तिले घर माहीत नसन." आणि मग नीट समजावून सांगावं तसं म्हणाली, "गॅरेजच्या मांगं बोळ हाये. निळं दार. तिले सांगजा." सांगून शाळेत गेली.

मी दुकानाचा पडदा ओढला आणि ढसाढसा रडले. देवी तिला विसरली असं तिच्या मनात आलंच नव्हतं. तिला वाटलं, देवीला पत्ता सापडला नसेल. संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "मले दवाखान्यात ने." त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. इतक्या वर्षांत मी आपणहून हे पहिल्यांदा म्हणत होते. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला वाशीमला नेलं. मुलगी त्याच गावात, पण तिला इतक्यात कळवू नको, असं मी त्याला सांगितलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला आधी दारूचं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "लहानपणी घरात मारहाण होती का?" मी म्हटलं, तुमाले कोनं सांगतलं? त्या म्हणाल्या की कुणी सांगितलं नाही, पण त्यांच्याकडं दारूसाठी येणाऱ्या बायांना त्या हे विचारतात, आणि पुष्कळ जणींच्या मागं असं घर निघतं. जखम तिथली असते आणि औषध म्हणून बाई हे घेते. मी आजवर स्वतःला वाईट चालीची समजत होते. त्या बाईनं माझी करंगळी हातात घेऊन बघितली तेव्हा नवरा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला. काही दिवस मला तिथंच ठेवलं, एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं म्हणाले, गोळ्या दिल्या. ते दिवस नरकाचे होते, त्यांचं वर्णन करत नाही.

घरी आल्यावर मी दिवाबत्तीच्या वेळेला पेटी उचलली आणि गॅरेजमागच्या बोळात गेले. माझी बाटलीची वेळ तीच, आणि सुनीताच्या नवऱ्याची घरी यायची वेळही तीच. निळ्या दाराच्या ओट्यावर बसले. वैष्णवीनं मला बघितलं आणि ओरडली नाही, धावली नाही. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून माझ्या पुढं ठेवला, घरी देवी आली की ठेवतात तसा. मग मी रोज जायला लागले. बांगड्या भरायचं निमित्त किती दिवस पुरणार? मग सुनीताबरोबर सोयाबीनमधले खडे निवडत बसायची, पोरीचं पाठांतर ऐकायची. तिचा नवरा यायचा, मला बघायचा आणि हात जोडायचा. घाबरायचा तो माझ्यातल्या देवीला. घरात शांतता होती. पण ही शांतता मी आधी पाहिली होती. ती मंगळवारची शांतता होती.

आणि मग एक दिवस मी चुकले. एका लग्नघरी चुडा भरायला गेले होते, मुलीला फोन केला तर तिनं उचलला नाही, आणि तिथंच मागच्या अंगणात पुरुषमंडळींची बाटली होती. मी त्या दिवशी निळ्या दारी गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर सुनीताच्या ओठाला टाके होते. वैष्णवी मला समजूत घालत म्हणाली, "काल मंगळवार होता. देवीले दुसरीकडं जावं लागलं असन." मला तो मार स्वतःच्या अंगावर बसता तर बरं झालं असतं. त्या पोरीनं देवीला पुन्हा माफ केलं होतं. माझ्या आईलाही मी असंच माफ केलं होतं, ती गेल्यावर. ही पोरगी मोठी होऊन कोणत्या बाटलीत उत्तर शोधेल, ते मला तिच्या कपाळावर लिहिल्यासारखं दिसलं.

मी उठून गेले नाही. सुनीताचा नवरा घरी येईपर्यंत बसले. तो आला, त्यानं हात जोडले. मी म्हटलं, "हात नोका जोडू, दादा. टेकडीवर माह्या आंगात देवी नोती. दारू होती. म्या पेली होती त्या दिवशी, अन् कालबी पेली." त्याच्या चेहऱ्यावरची भीती उतरताना मी बघत होते. तो म्हणाला, "मंग इथं कायले बसते तू? देवीचं सोंग करून राह्यली? नीघ!" मी म्हटलं, "पोरीले जबान देली हाये. रोज येईन."

तो आत गेला आणि दार ओढायला लागला. कडीकडं जाणारा हात मला ओळखीचा आहे. मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि म्हटलं, "कडी नाई लावायची." ओरडले नाही मी. टेकडीवर किंचाळले होते तेच शब्द, पण या वेळी मी शुद्धीवर होते आणि आवाज माझा होता. बोळातली दारं उघडली. कुणीतरी म्हातारी विचारत होती, काय झालं व? आणि आतून सुनीता, पोरीचा हात धरून, माझ्या बाजूनं उंबरा ओलांडून बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिली. एवढंच घडलं. त्यानं बाहेरच्या बायकांकडं बघितलं आणि तो गाडीला किक मारून निघून गेला.

तो देवमाणूस झाला असं मी सांगणार नाही. त्यानंतरही त्याचा हात उठला आहे. सुनीताचा भाऊ येऊन बोलून गेला, ती पुढं काय करेल ते तिचं तिला ठाऊक; मी फक्त तिला वाशीमला कुठं जायचं, कुणाला भेटायचं ते दाखवून आणलं आहे. पण एक काम तिनं आपल्या हातानं केलं. एका दुपारी नवऱ्याच्या गॅरेजमधला पान्हा घेऊन तिनं दाराची आतली कडी काढली आणि माझ्या पेटीत टाकली. ती कडी मी टेकडीवर नेऊन देवीच्या पायाशी ठेवली. म्हटलं, घे. त्या दिवशी तू मागितली होतीस ना? सुनीताच्या नवऱ्यानं अजून दुसरी आणलेली नाही.

माझंही सांगते. मी बरी झाले असं म्हणायला मी धजत नाही. दारू मी ठरवून कितीदा सोडली होती, आणि दर वेळी आयुष्यभराची शपथ घेतली होती, म्हणून मोडली. आता मी काही ठरवत नाही. सकाळी देवीपुढं उभी राहते आणि म्हणते, आई, आजची सांज तुझ्या पदरात. आईला माझ्या रोज जमलं नाही, कारण ती एकटी होती आणि तिच्यामागं चाची नव्हती, चिंध्या गुंडाळणारा नवरा नव्हता, पत्ता सांगणारी पोरगी नव्हती. देवी आईच्या घरी रोज का आली नाही हे कोडं मला सुटलेलं नाही. पण माझा राग आता पूर्वीसारखा नाही. कदाचित तिला कुणाच्या तरी पायांनीच यावं लागतं, आणि तेव्हा तिला पाय मिळाले नाहीत.

यंदाच्या दिवाळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी निळ्या दाराच्या ओट्यावर बसले होते. बोळाच्या तोंडाशी कुणीतरी बॅग घेऊन उभं दिसलं. माझी मुलगी होती. बापानं फोन करून बोलावलं होतं, घरी गेली तर त्यानं इकडचा पत्ता सांगितला. ती आली, माझ्या शेजारी टेकली, आणि लहानपणी यायची तशी अगदी जवळ आली. तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला. मी श्वास सोडला आणि तशीच बसून राहिले. मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं.

अंधार पडायला लागल्यावर आम्ही उठलो. वैष्णवी दारात उभी होती. मी देवी नाही हे तिला आता माहीत आहे, पण तिनं रोजच्यासारखंच विचारलं, "काकू, उद्या येशीन?"

माझ्या मुलीनं माझ्याकडं बघितलं. तिलाही उत्तर हवं होतं.

"येईन," मी म्हटलं.